भिंतीपलीकडचा टीव्ही

मिरकरवाडा, रत्नागिरी
३ मार्च २०२५

ताई,

अक्षर बघून पाकीट फाडू नकोस. फाडणारच असशील तर निदान वाचून फाड. फोनवर तू मला ब्लॉक करून टाकलंस, म्हणून पोस्टात गेलो. तिथल्या बाईनं पत्ता वाचून विचारलं, "वापीला काय, नोकरीचा अर्ज का?" मी हो म्हटलं. तिला बरं वाटलं असावं, शिक्का जरा जोरात मारलान.

तुझा तो आवाजातला निरोप मी पुष्कळदा ऐकला. "गावाला सांगितलंस विठू, आणि मला नाही." एवढंच बोललीस, मागं कुकरची शिट्टी झाली, आणि संपलं. ताई, मी गावाला नाही सांगितलं. मलाच माहीत नव्हतं. आईच्या छातीत गाठ आहे हे शेजारच्या इरमनं तुला कळवलं ते खरं आहे. पण ते बाहेर कसं पडलं हे ती पूर्ण सांगायची नाही, कारण उरलेलं तिच्याच लग्नाशी येऊन थांबतं. म्हणून मी सांगतो.

तू गेलीस तेव्हा शेजारी रझियाचाचीकडं साधा टीव्ही होता. आता मजीदचाचानं कुवेतहून पैसे पाठवून भिंतीएवढा घेतलाय आणि वायफाय बसवलंय. डबा त्यांच्या हॉलमध्ये, आपल्या सामाईक भिंतीला लागूनच. म्हणजे आपल्या चुलीजवळ बसलं की नेट एकदम जोरात. चाचीनं पासवर्ड मागायच्या आधीच दिला. एकदा कालवणाची वाटी घेऊन इरम आली, आणि वाटीबरोबर पासवर्ड. आख्खी ओळ त्याच्यावर चालते. काशीरामआजोबा तर खुर्ची भिंतीला लावून बसतात आणि दिवसभर कुस्त्या बघतात. मी घरी असलो की मीपण. मी कुठं असतो घरी म्हणा. हर्णैला ट्रॉलरवर होतो तेव्हा बोट चालवणाऱ्या आमच्या तांडेलानं एक मांजर पाळलं होतं, ते समुद्रात मासे खायचं नाही, बंदराला लागल्यावर उतरून फक्त चोरूनच खायचं. हे कुठून आठवलं मला? हां, फुकटचं गोड लागतं, त्यावरून.

तर आई. दुपारी सोलायच्या शेडवरून कोळंबी सोलून आली होती. घरात एकटीच. फोनवर एका डॉक्टरीणबाईचा व्हिडिओ लावून बसली, छातीतली गाठ कशी तपासायची, कधी घाबरायचं, असला. मराठीतच होता. तिला आता जवळचं नीट दिसत नाही आणि चष्मा करायला तयार नाही. व्हिडिओच्या कोपऱ्यात टीव्हीसारखी एक छोटी खूण असते बघ. तिला वाटलं, ती दाबली की चित्र मोठं होईल. दाबली. खाली एक ओळ आली, तीपण दाबली. आणि चित्र झालं मोठं, पण चाचीच्या हॉलमध्ये.

एकाच नेटवर असलं की असं होतं. केबलवाला विनोद नंतर म्हणाला, "एका डब्यावर आलात म्हणजे एका घरात आलात. तुमच्या फोनला त्यांचा टीव्ही आपलाच वाटतो." आधी कुणी सांगितलं असतं तर. पण असलं आधी कोण सांगतो.

आणि त्या दिवशी चाचीकडं हर्णैहून इरमला बघायला पाहुणे आले होते. मुलगा, आईबाप आणि एक फुफी. पुरुषांसाठी टीव्हीवर आवाज अगदी बारीक करून क्रिकेट लावलेलं. इरम सरबताचा ट्रे घेऊन आत आली, आणि क्रिकेट जाऊन ती डॉक्टरीणबाई आली. शेजारी बाईचं उघडं चित्र, छातीवर बोट कसं फिरवायचं ते दाखवणारं. मुलाच्या बापानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. फुफीनं तोंडावर ओढणी घेतली. चाची रिमोट शोधतेय, रिमोट पाहुण्यांच्या खाली. शेवटी ती टीव्हीसमोर हात पसरून उभी राहिली. पण आवाजाला कसं झाकणार?

इकडं आईचा फोन एकदम मुका झालेला. तिला वाटलं, आवाज कमी झाला. म्हणून ती आवाजाचं बटण दाबत राहिली. तिकडं टीव्ही वाढत राहिला.

मग तिला भिंतीतून तोच आवाज ऐकू आला. तीच बाई, तेच बोलणं. ताई, आईला काय वाटलं असेल सांग. तिला वाटलं, पलीकडं रझियापण हेच बघतेय, म्हणजे रझियालापण गाठ आहे.

ती तशीच उठली. फोन हातात, ओचा वर खोचलेला, मागच्या दारानं सरळ चाचीच्या घरात. चाचीनं नुकतीच वायर उपटली होती. मुलाची आई विचारत होती, "घरात कुणाला काही आहे का? असलं तर लपवू नका हो, पोरीबाळींना पुढं होतं." चाची अल्लाची शपथ घेत होती. आणि तेवढ्यात आपली आई दारातून म्हणाली,

"अगो रझिया, तुला पण?"

पुढचं मला इरमनं सांगितलं. आईनं पाहुणे बघितले. काळा टीव्ही बघितला. चाचीच्या हातातली वायर बघितली. तिला टीव्हीचं किती कळलं कुणास ठाऊक, पण आपण काय बोलून बसलो ते कळलं. ती मागं फिरू शकत होती. फिरली असती तर तिचं झाकलेलं राहिलं असतं, आणि इरमचं मोडलं असतं.

तिनं फोन वर धरला आणि म्हणाली, "ता माझा आहे. ह्या घरात कुणाला काय नाय. गाठ माझ्या छातीत आहे. मी बघत होते. ह्यांचा नेट आम्ही वापरतो."

मग पदर सारखा करून पाहुण्यांना नमस्कार केलान आणि घरी आली. असं पडलं बाहेर, ताई. इरमची बोलणी जमली. डॉक्टरला दाखवलंय, घाबरण्यासारखं नाही म्हणाले. आता तरी फोन उघड.

विठू

•

मिरकरवाडा
१९ मार्च २०२५

ताई,

फोन उघडला नाहीस. पत्र पोचलं ना? पोस्टातल्या बाईला विचारलं, ती म्हणाली पोचलं असेल, अर्जाचं उत्तर यायला वेळ लागतो.

मागच्या पत्रात डॉक्टरचं लिहिलं ते खोटं. आई कुठंच गेलेली नाही. घाबरण्यासारखं नाही असं मीच म्हणालो होतो, स्वतःला.

गाठ नवी नाही. निदान गेल्या गणपतीपासूनची आहे. मी तेव्हा घरी आलो होतो, आरतीला शेजारी उभा होतो, ढोलकीसुद्धा वाजवली. काही दिसलं नाही मला.

त्या दिवसापासून तिनं फोन बंद करून कपाटात टाकलाय. विनोदला तिनं दारात थांबवून विचारलं, "आणखी काय काय दिसतं रे?" तो गाढव खरं सांगून बसला. म्हणाला, बघायचंच म्हटलं तर ज्याचं नेट आहे त्याला कुठला फोन कधी नेटला जोडला, कुठली साईट उघडली, एवढं कळू शकतं. बघत कोणी नाही काकी, पण कळू शकतं. झालं. आता आईच्या डोक्यात, मजीदचाचा कुवेतमध्ये बसून तिचं वर्षभराचं सगळं बघतो. तो बिचारा तिकडं क्रेन चालवतो, त्याला स्वतःच्या मुलीचा निकाह बघायला सुट्टी मिळत नाही. पण विनोदचं बोलणं ओळीत फिरलं. जो तो आठवतोय आपण काय बघितलं. काशीरामआजोबांची खुर्ची भिंतीपासून हलली. त्यांची सून विचारते, "आजोबा, कुस्त्याच बघत होतात ना?" आजोबा म्हणतात, "आता कुस्तीतपण पहिल्यासारखी मजा नाय."

मी हसलो. आई नाही हसली.

ती दोनदा शेडवर गेली. पहिल्या दिवशी बायकांनी तिला कोळंबीचा ढीगच दिला नाही, तू बस म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चहा आला तेव्हा तिचा कप वेगळा ठेवला होता. येसूबाईनं ठेवला, जिच्याशेजारी आई अठरा वर्षं बसते. वाईट मनानं नसेल. काहींना वाटतं, असलं एकाचं दुसऱ्याला लागतं. आई चहा पिऊन, कप विसळून, जाग्यावर ठेवून आली आणि मग गेलीच नाही. मला म्हणाली, "चहा बरा होता हां आज." एवढंच.

रोजे सुरू आहेत. चाची रोज संध्याकाळी इफ्तारातलं काहीतरी पाठवते. आई घेते, पण वाटी परत करायला स्वतः जात नाही, मला पाठवते. त्या दोघी भिंतीतून बोलायच्या, आठवतं ना, "रझिया, मीठ आहे का गो" म्हणून? आता भिंतीला कोणी काही विचारत नाही.

डॉक्टरचं काढलं की आई म्हणते, "आता कोणाला दाखवू? सगळ्यांनी बघितला." मी म्हटलं, आई ती तू नव्हतीस, ती चित्रातली बाई होती. म्हणाली, "त्या पाहुण्यांना विचार कोण होती." खरंय तेपण. मी काय सांगणार, मला नववीत शरीराचा धडा होता तेव्हा मी सुरमई बघायला बंदरावर गेलो होतो.

ताई, मी मधे हर्णैला जाऊन आलो. काम होतं असं लिहिणार होतो, पण काम नव्हतं. मला घरात बसवेना. ट्रॉलरवाल्यानं ये म्हटलं, मी गेलो. आई एकटी होती. परत आलो तेव्हा ती अंधारात लाईट न लावता तांदूळ निवडत बसली होती. "आलास? बरं झालं," म्हणाली. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तू ये. तुझं ऐकते ती. लहानपणापासून तुझंच ऐकायची, म्हणून तर एवढी चिडली. तू न सांगता लग्न केलंस याचा राग नव्हता तिला, तुझं ऐकायची सवय होती आणि तू ऐकवलंच नाहीस, त्याचा होता. भावोजींना घेऊन तू आलीस त्या दिवशी मी आत होतो. आई दाराला आतून पाठ लावून बसली होती. तू बाहेरून म्हणालीस, "आता तू बोलावशील तेव्हाच येईन." तू गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ती आतून कान लावून होती. मी बघितलंय.

मी तिला विचारलं, ताईला बोलावू? म्हणाली, "कशाला? तिचा संसार आहे."

विठू

•

कोल्हापूर
११ एप्रिल २०२५

ताई,

दवाखान्याच्या आवारात बसून लिहितोय. इथं झाडाखाली सगळे डबे खात बसतात. एका म्हाताऱ्यानं मला दोन भाकऱ्या दिल्या, तिखट असं की अजून डोळ्यातून पाणी येतंय. कोणी बघितलं तर वाटेल, मी काय रडतोय.

आईला आणलं. मी नाही आणलं, चाचीनं आणलं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी चाची शीरखुर्म्याची वाटी घेऊन स्वतः आली. आईनं आत ये म्हटलं नाही, तरी आली. खाली बसली. म्हणाली, "काकी, मुलाकडचे निकाहची तारीख मागतायत."

"मग दे की."

"नाही देणार. तुम्ही कोल्हापूरला जाऊन येत नाही तोवर नाही देणार."

"येडी काय गो तू? पोरीचं जमलेलं मोडशील."

"मोडू दे. तुम्ही जमवलंत, तुम्हीच मोडा."

आई म्हणाली, "रझिया, तुझ्या टीव्हीला आग लागो." आणि दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते मला कळलं नाही. मी उगाच बाहेर जाऊन मोटारसायकल पुसली. मोटारसायकल माझी नव्हती.

चाची आमच्याबरोबर आलीय. आंबा घाटात आईला गाडी लागली तर चाचीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. आईला आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या मांडीवर डोकं ठेवलेलं बघितलं.

डॉक्टरीणबाई होत्या, वयानं तुझ्याएवढ्याच. त्यांनी मला बाहेर काढायच्या आधी विचारलं, घरात आधी कुणाला झालं होतं? आई म्हणाली, "माझ्या आईला. बुरोंडीला, माहेरी. तेव्हा कुणी नाव घेत नव्हतं, छातीत जखम झाली म्हणायचे. मी परकरी होते." ताई, आजी बाळंतपणात गेली असंच आपल्याला माहीत ना? आईनं हे आपल्याला कधीच सांगितलं नाही.

मग डॉक्टरीणबाई पुढचं विचारणार, तर आईच मधे बोलली. "मला एक मुलगी आहे. तिला होईल का?"

"ते बघू मावशी. आधी तुमचं बघू."

"माझं मला कळलंय. मुलीचं सांगा."

त्या म्हणाल्या, आईला आणि आजीला असलं की मुलीनं वेळेत तपासून घ्यावं. होईलच असं नाही. पण तपासावं. आईनं विचारलं, किती वयापासून? दुखायच्या आधी कळतं का? कळलं तर पूर्ण बरं होतं का? एकामागून एक, पाठ करून आल्यासारखं. स्वतःचं एकपण नाही विचारलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, आई, तू एवढं कुठं शिकलीस?

म्हणाली, "तेच तर बघत होते त्या दिवशी. ती बाई मुलींचं सांगायला लागली होती. रझियानं वायर ओढली, आणि पुढचं राहिलं."

ताई, मी इतके दिवस समजत होतो, ती स्वतःला काय झालंय ते शोधत होती.

उद्या आणखी तपासण्या आहेत. मग लिहितो.

विठू

•

मिरकरवाडा
४ मे २०२५

ताई,

आज इरमचा निकाह झाला. आई गेली होती. चाचीनं तिला पहिल्या रांगेत हर्णैच्या बायकांत बसवलं, मुलाच्या आईनं उठून जागा दिली. बिर्याणी आईला खाववत नाही, तरी चार घास खाल्लेन. येसूबाईपण आली होती. तिनं आईच्या ताटातला उरलेला भात आपल्या ताटात ओढून घेतला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. आई म्हणाली, "पुरे गो, फुगशील." आता आई दमून झोपलीय, म्हणून लिहायला बसलोय.

कोल्हापूरचं सांगतो. खोटं लिहीत नाही. पसरलंय. हाडात गेलंय. ऑपरेशन करून उपयोग नाही म्हणाले, औषधं चालू केली आहेत, त्यानं दुखणं कमी राहील. किती दिवस ते मी विचारलं, त्यांनी सांगितलं नाही, मी पुन्हा विचारलं नाही. आईला सगळं माहीत आहे. तिच्यापासून लपवायचं ठरवून मी घरी आलो, तर तीच मला म्हणाली, "तोंड असं करून फिरू नको, गिऱ्हाईकं पळतील." मी बंदरावर बर्फाच्या गाडीवर लागलोय. कुठं जात नाही आता. जावंसं वाटतं, ते खोटं कशाला बोलू, ट्रॉलर सुटले की पाय वळवळतात. पण जात नाही.

निरोप आहे तुला. तिनं मला तो स्वतःच्या नावानं दिलेला नाही. ती म्हणाली, "वेदिकाला लिहितोस ना? मला माहीत आहे लिहितोस. तपासून घे म्हणून लिही. मी सांगितलं असं लिहू नको. आणि फोनवर बघत बसू नको म्हणावं, आणि शेजाऱ्याच्या नेटवर तर मुळीच नको. सरळ डॉक्टरकडं जा. आणि गुरुप्रसादला बरोबर ने."

भावोजींचं नाव तिनं पहिल्यांदा घेतलं, ताई. नीट घेतलं, पूर्ण.

मी विचारलं, तिला ये म्हणून लिहू? म्हणाली, "नको. ये म्हटलं तर ती माझ्यासाठी येईल. माझं आता काय उरलंय. तिनं स्वतःसाठी जायला हवं आधी."

तुला माहीत आहे ती बोलावणार नाही. मलापण माहीत आहे. चार वर्षं तू तुझ्या जागी आणि ती तिच्या जागी बसलायत, आणि आता कुणालाच उठता येत नाही. मी फार शिकलो नाही, मला यातून वाट काढता येत नाही. पण बर्फाची गाडी ढकलताना एक सुचलं, ते सांगतो.

तू तपासून घे. या आठवड्यात जा. जे काय निघेल ते निघो, मला फोनवर सांगू नकोस, इरमला नको, कोणाला नको. कागद घे आणि वापीहून गाडीत बस. बोलावलं म्हणून येऊ नकोस. तपासलंय एवढं सांगायला ये. त्याला कुणी बोलवावं लागत नाही.

आई दारातच विचारेल, काय म्हणाले डॉक्टर. ये म्हणणार नाही, बस म्हणणार नाही, आधी तेच विचारेल. तू सांगेपर्यंत ती दार लावायची नाही.

लवकर ये.

विठू